मांडवालाच वेल फुटला : ग्लिया पेशींच्या जन्मकथेची पार्श्वभूमी

उंदराच्या गर्भातल्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत ठेवलेला आहे. पिल्लू गर्भात असतानाच त्याच्या मेंदूच्या पोकळीत एक विषाणू टोचला होता. तो ज्या पेशीत शिरेल ती हिरवी चमकणार. अशी एक पेशी दिसते. अंगाने लांबच लांब. तिचा एक पाय आतल्या पोकळीच्या काठाला टेकलेला, आणि दुसऱ्या बाजूने निघालेला बारीक धागा थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेला. पोकळीच्या काठाशी ती गोलसर होते आणि दुभंगते. दोन लेकींपैकी एक आईसारखीच जागेवर राहते. दुसरी आईचाच लांब धागा धरून वर सरकायला लागते. काही काळाने ओळख पटते: वर चढणारी पेशी न्यूरॉन आहे, म्हणजे चेतापेशी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीफन नॉक्टर, अर्नोल्ड क्रिगस्टीन आणि सहकाऱ्यांचं हे काम २००१ साली प्रसिद्ध झालं. म्युनिकजवळ मॅग्डालेना गॉत्झ यांच्या गटाने वर्षभर आधी वेगळ्या रीतीने हेच दाखवलं होतं. त्या लांब पेशीचं नाव रेडियल ग्लिया. तोवर पाठ्यपुस्तकांत तिचं काम एकच दिलेलं असे. वेलाला मांडव असावा तसा हा मांडव, नवे न्यूरॉन त्यावरून चढत आपापल्या जागी जातात आणि काम झालं की मांडव मोडतो. आता दिसलं ते असं की वेल मांडवालाच फुटत होता.

या दृश्याने एवढी खळबळ का माजली हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. ग्लिया म्हणजे चेतासंस्थेतल्या न्यूरॉन नसलेल्या पेशी. त्या कोण हे ठरण्याआधी त्यांचं नाव ठरलं, आणि त्या नावाने पुढचा बराच काळ लोकांना पाहू दिलं नाही.

नाव ठेवलं रुडॉल्फ फिरखोने, १८५६ मध्ये. फिरखो पॅथॉलॉजिस्ट होता. शरीराच्या प्रत्येक अवयवात पेशींना बांधून ठेवणारी संयोजी ऊती असते, मग मेंदूत का नसावी, हा त्याचा प्रश्न. मेंदूच्या पोकळ्यांच्या भिंतीत आणि चेतातंतूंच्या मधल्या जागेत त्याला एक मऊ, भुसभुशीत द्रव्य दिसलं. त्याला तो जर्मनमध्ये ‘नेर्फेनकिट’ म्हणाला आणि ग्रीकमधून ‘न्यूरोग्लिया’. ग्रीक ग्लिया म्हणजे डिंक किंवा सरस. जर्मन ‘किट’ मात्र त्याहून घरगुती शब्द आहे: खिडकीच्या चौकटीत काच बसवताना सुतार कडेने भरतो ती लांबी, म्हणजे पुट्टी. मला हा दुसरा शब्द जास्त बोलका वाटतो. डिंक निदान दोन वस्तू चिकटवतो. लांबी फटी बुजवते. १८५८ मध्ये बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून फिरखोने ही कल्पना पसरवली. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी: मेंदूतले आजार समजायचे तर या मधल्या द्रव्याकडेही लक्ष द्या, असं तो बजावत होता. पुढच्यांनी नाव घेतलं, सल्ला सोडला.

दोष नुसत्या नावाचाही नव्हता. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला मेंदूचा काप ज्याने कधी पाहिला असेल त्याला आठवेल: न्यूरॉन चांगले ऐसपैस दिसतात, आणि ग्लिया म्हणजे इकडेतिकडे सांडलेल्या मोहरीसारखे गडद ठिपके. दिसतात ती नुसती केंद्रकं. त्यांचे हातपाय त्या रंगाला दाद देत नाहीत. म्हणून ग्लियाचा इतिहास हा बराचसा रंगांचा इतिहास आहे. नवा रंग सापडला की नवी पेशी ‘जन्माला’ येते, आणि तिच्या कुळावरून नवा वाद सुरू होतो.

बॉनचा ओटो डाइटर्स तर फारसं न रंगवताच कामाला लागला. ऊती रसायनात मुरवून मऊ करायची आणि बारीक सुयांनी एकेक पेशी हाताने सोडवून काढायची. अशा सोडवलेल्या पेशींत त्याला काही अशा सापडल्या की ज्यांना चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब धागाच नव्हता. हे वेगळं काहीतरी आहे असं त्याने चित्रं काढून नोंदवलं आणि १८६३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो गेला. त्याचं हस्तलिखित माक्स शुल्त्सेने १८६५ मध्ये छापून आणलं. त्यानंतर कामिल्लो गॉल्जी. मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो गावातल्या असाध्य रुग्णांच्या आश्रमात तो डॉक्टर होता आणि तिथल्याच एका स्वयंपाकघरात त्याने प्रयोगशाळा थाटली होती. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक केलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की शंभरात एखाददुसरी पेशी शेंड्यापासून मुळापर्यंत काळी होते आणि बाकीच्या अदृश्य राहतात. १८७३ साली त्याने ही पद्धत छापली. गॉल्जीच्या चित्रांत ग्लिया पहिल्यांदा हातापायांसकट आल्या, काहींचे पाय रक्तवाहिन्यांना टेकलेले. या चांदणीसारख्या पेशींना १८९० च्या दशकात हंगेरियन लेन्होशेकने नाव दिलं: अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारापेशी.

पेशी दिसल्या. त्या येतात कुठून?

इथे विल्हेल्म हिस येतो. मूळचा बाझेलचा, पुढे लाइपझिगला गेलेला. गर्भाचे सलग, एकसारख्या जाडीचे काप पाडायला त्याने स्वतः यंत्र तयार केलं होतं, आणि मानवी गर्भाचा असा बारकाईने अभ्यास त्याच्याआधी कोणी केला नव्हता. पृष्ठवंशी प्राण्यांत मेंदू आणि मेरुरज्जूची सुरुवात एका नळीपासून होते. गर्भाच्या पाठीवरचा पेशींचा पट्टा वळकटीसारखा वळतो आणि बंद होतो, ती चेतानलिका. तिच्या भिंतीत हिसला दोन प्रकारच्या पेशी दिसल्या. आतल्या पोकळीलगत गोल गरगरीत, विभाजन चालू असलेल्या. त्यांना तो बीजपेशी म्हणाला. आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या लांब पेशी, त्यांना स्पंजिओब्लास्ट. १८८९ मध्ये त्याने निवाडा दिला: गोल पेशींतून चेतापेशी होतात, लांब पेशींतून ग्लिया. पहिल्या दिवसापासून घराणी वेगळी.

चित्रं अचूक होती, वाचन चुकलं होतं. १८९७ मध्ये आल्फ्रेड शापरने म्हटलं की या दोन जाती नाहीतच. लांब पेशी विभाजनाच्या वेळी गोल होते. हिसने एकाच पेशीला दोन वेषांत पाहिलं. त्या अजून काहीच न ठरलेल्या पेशी आहेत, त्यांच्यातूनच चेतापेशी आणि ग्लिया दोन्ही होतात. शापरचं फारसं कोणी ऐकलं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सॉअरने तपशील भरला: या पेशींचं केंद्रक विहिरीतल्या पोहऱ्यासारखं वरखाली करत असतं. जनुकद्रव्याची नक्कल करायची तेव्हा पोकळीपासून दूर, आणि विभाजनाची वेळ आली की पोकळीच्या काठाशी. म्हणून काठाशी नेहमी गोल पेशी दिसतात आणि काठापासून दूर लांब. इतकं सोपं स्पष्टीकरण हातात असूनही हिसची दोन घराणी पुढची साठ-पासष्ट वर्षं टिकली. याला कारण होतं, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. त्याकडे वळण्याआधी माद्रिदला जाऊन यायला हवं.

माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काहाल चेतासंस्थेच्या अभ्यासाचा सम्राट होता; १९०६ चं नोबेल गॉल्जीबरोबर वाटून घेतलेला, आणि गॉल्जीशी मरेपर्यंत न पटलेला. १९१३ मध्ये त्याने सोन्याच्या क्षाराची रंगपद्धत काढली. तारापेशी तिने झळाळून उठल्या, पण त्याच कापात काही पेशी अशा राहिल्या की त्यांना शाखाच दिसेनात. चेतापेशी हा पहिला घटक, तारापेशी दुसरा, आणि हा बिनहाताचा ‘तिसरा घटक’. त्याच संस्थेत पिओ देल रिओ-ओर्तेगा नावाचा तरुण काम करत होता. त्याने सिल्व्हर कार्बोनेटची पद्धत बसवली आणि दाखवलं की तिसऱ्या घटकाला हात आहेत. गुरूचा रंगच तिथवर पोहोचत नव्हता. त्यातही त्या दोन वेगळ्या जाती निघाल्या. १९१९ मध्ये त्याने एकीला मायक्रोग्लिया म्हटलं, १९२१ मध्ये दुसरीला ऑलिगोडेंड्रोग्लिया, म्हणजे थोड्या फांद्यांची.

काहालला हे रुचलं नाही. १९२० मध्ये ओर्तेगाची प्रयोगशाळेतून रवानगी झाली होती. कारणांत शास्त्र किती आणि रोजची कुरबुर किती हे वेगळं काढणं अवघड आहे. १९२४ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड हा मेंदूचा शल्यचिकित्सक माद्रिदला येऊन ओर्तेगाकडून रंगाची पद्धत शिकला आणि ऑलिगोडेंड्रोग्लिया खरी असल्याची ग्वाही त्याने दिली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात ओर्तेगा देशाबाहेर पडला, पॅरिस आणि ऑक्सफर्ड करत ब्वेनोस आयर्सला पोहोचला आणि तिथेच १९४५ मध्ये वारला.

त्याचं एक म्हणणं मात्र नव्वद वर्षं टांगणीला लागलं. मायक्रोग्लिया चेतानलिकेच्या वंशातली नाहीच, ती बाहेरून मेंदूत शिरते, असं तो सांगत होता. मूळ ठिकाण त्याने मेंदूच्या आवरणांत शोधलं, ते नेमकं नव्हतं. पण ‘परकी’ हे बरोबर होतं. २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की गर्भाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी पीतक कोशात, म्हणजे गर्भाबाहेरच्या पिशवीत, तयार होणाऱ्या भक्षकपेशी रक्ताभिसरण सुरू होताच मेंदूत येतात आणि जन्मभर राहतात. त्या आल्या त्या वेळी मेंदूची नीट भिंतही झालेली नसते. म्हणजे ग्लियांत मोजली जाणारी एक जात मुळात गाववाली नाहीच. पण इतकी जुनी रहिवासी की तिला परकी तरी कसं म्हणायचं?

मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेर, हातापायांत पसरलेल्या चेतांची गोष्ट वेगळी आहे आणि ती बरीच आधी सुटली. तिथल्या ग्लियांना श्वान पेशी म्हणतात. थिओडोर श्वानने १८३९ मध्ये वर्णन केल्या म्हणून. चेतानलिका मिटते तेव्हा तिच्या शिवणीवरून काही पेशी सुटतात आणि अंगभर फिरायला निघतात. ही न्यूरल क्रेस्ट. ती कोंबडीच्या गर्भात १८६८ मध्ये पहिल्यांदा पाहणारा माणूस पुन्हा हिसच. रॉस हॅरिसनने १९०४ मध्ये बेडकाच्या गर्भातून ही शिवण कापून टाकली. चेता वाढल्या, पण उघड्यानागड्या. श्वान पेशींचं वेष्टन आलंच नाही. प्रयोग एवढा स्वच्छ असूनही शंका राहिल्या, कारण कापल्यावर जे येत नाही ते नक्की कशामुळे येत नाही हे सांगणं सोपं नसतं.

शंका फेडली लाव्याने. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांच्या १९६९ मध्ये लक्षात आलं की लावा पक्ष्याच्या पेशीत केंद्रकातला एक गोळा गडद रंगतो, कोंबडीच्या पेशीत तसा रंगत नाही. म्हणजे लाव्याच्या गर्भातला न्यूरल क्रेस्टचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला, तर त्याची नातवंडं-पतवंडं कुठेही जावोत, गोळ्यावरून ओळखू येणार. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, तुकडा बदलायचा, खिडकी बंद करून अंडं उबवायला ठेवायचं. पिल्लाचे काप पाहिले तर श्वान पेशी आणि चेतागंडांतल्या, म्हणजे चेतापेशींच्या गाठींतल्या, पेशींना वेढणाऱ्या ग्लिया लाव्याच्या. रंगद्रव्याच्या पेशीही लाव्याच्या, म्हणून कोंबडीच्या पिल्लावर लाव्यासारखी काळसर पिसं.

या पेशी पुढे काय करतात हे बेटी गेरेन यांनी १९५४ मध्ये कोंबडीच्या गर्भात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिलं होतं. श्वान पेशी अक्षतंतूला कुशीत घेते आणि आपलंच पटल त्याच्याभोवती सुरळीच्या वडीसारखं गुंडाळत जाते. हे वेढे म्हणजे मायलिन, संदेश वेगाने पळवणारं वेष्टन. त्याआधी मायलिन हा अक्षतंतूचाच पाझर मानणारेही होते. गुंडाळायचं की नाही हे श्वान पेशी स्वतः ठरवत नाही. अक्षतंतू साधारण एक मायक्रॉनहून जाड असेल आणि त्याच्या अंगावर न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन पुरेसं असेल तर वेढे पडतात, आणि ते किती पडायचे हेही त्याच प्रथिनावर ठरतं. बारीक तंतू असले तर एकच श्वान पेशी त्यांतल्या कित्येकांना नुसती पदराखाली घेते. मेंदूत आणि मेरुरज्जूत हेच काम ओर्तेगाची ऑलिगोडेंड्रोग्लिया करते, पण एकटी एकाच वेळी अनेक तुकड्यांना, कधी कधी चाळीस-पन्नासांना. पृष्ठवंशींत मायलिन आहे ते जबडेवाल्यांनाच. लॅम्प्रे या बिनजबड्याच्या माशाला ग्लिया आहेत, मायलिन नाही. वेग हवा तिथे तो अक्षतंतूच जाड करतो.

आता हिसच्या दोन घराण्यांकडे.

१९५० च्या दशकाअखेरीस किरणोत्सारी थायमिडीन हातात आलं. ज्या दिवशी ते टोचलं त्या दिवशी विभाजित होणाऱ्या पेशींवर कायमचा शिक्का बसतो. पुढे मोठ्या झालेल्या प्राण्यात तो शिक्का शोधायचा. म्हणजे पेशीची जन्मतारीख मिळाली. जपानमध्ये सेत्सुया फुजिता यांनी १९६० च्या दशकात यावरून मांडलं की भिंतीतल्या पेशी एकाच जातीच्या आहेत, त्या आधी चेतापेशी देतात आणि मग ग्लिया. शापरचंच म्हणणं, पुराव्यासह. पण तेवढ्यात पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भातल्या मेंदूत, आधी अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) आणि १९७२ मध्ये प्रमस्तिष्काच्या बाह्यकात (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरात), ते विलक्षण चित्र टिपलं: लांब धागे आणि त्यांना बिलगून वर चढणारे कोवळे न्यूरॉन. ‘रेडियल ग्लिया’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्याच सुमारास अमेरिकेत लॉरेन्स एंग यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मायलिन नासवणारा आजार, झालेल्या मेंदूतल्या जुन्या व्रणांतून जीएफएपी हे प्रथिन वेगळं केलं. तारापेशींत ते ठासून असतं, म्हणून ते ग्लियाची ओळखखूण बनलं. १९८० च्या सुमाराला माकडाच्या गर्भात पाहिलं तर विभाजन चाललेल्या काही पेशींवर ही खूण होती, काहींवर नव्हती. दोन घराणी! हिस बरोबर होता असं वाटायला याहून जास्त काय हवं?

गोम अशी की ही खूण माकडात आणि माणसात रेडियल ग्लियावर लवकर येते, उंदरात ती जन्माच्या आसपासपर्यंत येतच नाही. खूण म्हणजे कूळ नव्हे. पण पेशीच्या नावातच ग्लिया होतं, अंगावर ग्लियाची खूण होती, कामही मांडवाचं. ती चेतापेशींची आई असेल असं कोण म्हणणार? सुरुवातीला सांगितलेली हिरवी पेशी पडद्यावर दुभंगेपर्यंत ते म्हणायला फारसं कोणी धजावलं नाही. त्याआधी दोन वर्षं, १९९९ मध्ये, उंदराच्या प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन तयार करणाऱ्या मूलपेशीही तारापेशींच्याच रूपात वावरतात असं दाखवलं गेलं होतं, तेव्हाही लोक चकित झाले होते.

मधल्या काळात ग्लियाच्या जन्माचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो उंदराच्या डोळ्यातून निघणाऱ्या चेतेत. कारण सोयीचं होतं. तिथे अक्षतंतू आहेत, पण चेतापेशींचं एकही शरीर नाही. जे काही आहे ते सगळं ग्लिया. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी १९८३ मध्ये तिथून एक पूर्वज पेशी काढली. बशीत वासराचं रक्तद्रव्य घातलं तर तिची एक प्रकारची तारापेशी व्हायची, नाही घातलं तर ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे ओर्तेगाच्या ऑलिगोडेंड्रोग्लियातली पेशी. एकच पेशी, दोन वाटा, आणि वाट ठरवणारा पदार्थ आपल्या हातात. एका पिढीने यावर संशोधन केलं. पुढे कळलं की ती विशिष्ट तारापेशी जिवंत प्राण्यात होतच नाही. ती बशीतल्या रक्तद्रव्याची करामत होती. तरीही ते काम वाया गेलं नाही. ती पूर्वज पेशी खरी होती, आणि प्रौढ मेंदूतही ती सर्वत्र पसरलेली असते. किती वेळा दुभंगायचं याचा हिशेब ती स्वतः ठेवते हे तिथेच कळलं. बेन बॅरेस आणि रॅफ यांनी १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: त्या चेतेत तयार झालेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटपैकी निम्म्याच्या आसपास काही दिवसांतच मरतात. जगण्यासाठी लागणारा संदेश अक्षतंतूंकडून आणि शेजाऱ्यांकडून मिळतो आणि तो पुरवून पुरवून असतो. निसर्ग जास्त पेरतो आणि विरळणी करतो. शेतकऱ्याला हे नवं नाही.

ऑलिगोडेंड्रोसाइट मेरुरज्जूत सगळीकडे दिसतात, म्हणजे सगळीकडेच जन्मत असणार, असं वाटे. १९९१ मध्ये गर्भाच्या मेरुरज्जूचा पोटाकडचा आणि पाठीकडचा भाग वेगळा करून वाढवला, तर त्या पोटाकडच्याच भागातून आल्या. त्यांतल्या बहुतेक एका चिंचोळ्या पट्ट्यातून निघून चालत सगळीकडे जातात. मग २००० साली ऑलिग-१ आणि ऑलिग-२ ही जनुकं सापडली, आणि गंमत पाहा: ऑलिग-२ ज्या पट्ट्यात काम करतं तिथून आधी स्नायूंना हलवणारे मोटर न्यूरॉन निघतात आणि ते झाले की ऑलिगोडेंड्रोसाइट. जनुक काढून टाकलं की मेरुरज्जूत दोन्ही नाहीत. हिसने ज्यांची घराणी वेगळी केली होती, ती एकाच कुशीतली थोरली आणि धाकटी भावंडं निघाली. प्रमस्तिष्कात तर या पेशी एकामागून एक तीन लाटांत येतात: पहिली पोटाकडून, दुसरी थोडी वरून, तिसरी जन्माच्या सुमाराला बाह्यकातून. पहिल्या लाटेतल्या बहुतेक जन्मानंतर नाहीशा होतात. लंडनच्या गटाने २००६ मध्ये उंदरात कुठलीही एक लाट मारून पाहिली, तर उरलेल्यांनी तिची जागा भरून काढली.

थोरल्यांनंतर धाकट्या, हा क्रम कोण राखतं? एकट्या मूलपेशीला बशीत वेगळं वाढवलं तरी ती आधी न्यूरॉन देते आणि मग ग्लिया, म्हणजे घड्याळ काही प्रमाणात तिच्या आतच आहे. सुरुवातीला जीएफएपी जनुकाच्या दारावर रासायनिक कुलूप असतं, मेथिलेशनचं. ते वयाबरोबर उघडतं. शिवाय न्यूरॉन घडवणारं न्यूरोजेनिन हे प्रथिन ग्लिया घडवणाऱ्या यंत्रणेचे साथीदार आपल्याकडे अडकवून ठेवतं. पण बाहेरूनही निरोप येतो. नवे जन्मलेले न्यूरॉन कार्डिओट्रॉफिन-१ नावाचं प्रथिन सोडतात, आणि पुरेसं साठलं की मूलपेशी ग्लियाकडे वळते. कॅनडातल्या फ्रीडा मिलर यांच्या गटाचं हे काम २००५ चं. थोडक्यात, आम्ही आता पुरेसे झालो हे आईला मुलंच कळवतात.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसात वेळापत्रक लांबतं, आणि त्याची किंमत नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दिसते. गर्भाच्या २३ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या पांढऱ्या भागात ज्या पेशी असतात त्या बहुतेक अर्धवट वाढलेल्या, मायलिन करायला अजून तयार नसलेल्या ऑलिगोडेंड्रोसाइट. प्राणवायूची कमतरता आणि जंतुसंसर्ग या अवस्थेतल्या पेशींना सर्वांत जास्त झोंबतो. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल तर पोकळ्यांच्या कडेने पांढऱ्या भागाला इजा होते आणि पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवरचा ताबा कायमचा बिघडणं, उद्भवू शकते, यामागे हे एक कारण. अवघ्या काही आठवड्यांनी मोठी असती तर तीच पेशी बऱ्यापैकी तगली असती.

स्टॉकहोममध्ये माणसाच्या याच पेशींचं वय काढायला अणुबॉम्बच्या चाचण्या उपयोगी पडल्या. १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४ वाढला, नंतर तो उतरत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या हवेचं प्रमाण तिच्या जनुकद्रव्यात कोरलं जातं. २०१४ मधल्या या अभ्यासात मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातल्या ऑलिगोडेंड्रोसाइटची संख्या वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत भरलेली आढळली. त्यानंतर वर्षाला साधारण तीनशेत एक बदलते. मायलिनचे थर त्यापुढेही वाढत राहतात, पण ते बहुतांशी जुन्याच कामगारांकडून.

जाता जाता: ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात हे वाक्य अजून फिरतं. २००९ च्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तेवढ्याच बाकीच्या पेशी निघाल्या.

मांडवाचं शेवटी काय होतं? झेब्राफिशमध्ये तो मोडत नाही. रेडियल ग्लिया त्या माशाच्या मेंदूत जन्मभर उभ्या राहतात, आणि डोळ्याच्या पडद्याला इजा झाली तर तिथल्या म्यूलर ग्लिया नवे न्यूरॉन घडवून पडदा पुन्हा भरतात. आपल्या डोळ्यात त्याच पेशी आहेत. त्या व्रण भरतात, न्यूरॉन घडवत नाहीत. आपल्या बाह्यकात न्यूरॉनचं काम आटोपलं की बऱ्याच रेडियल ग्लिया पोकळीच्या काठावरचा पाय सोडतात. काहालच्या पिढीने मेलेल्या कापांवरून ताडलं होतं आणि आता जिवंत कापांत दिसतं ते असं: लांब धागा आखडत ती पेशी वर सरकते, ज्या वाटेने तिची लेकरं गेली त्याच वाटेने, आणि त्यांच्यात पोहोचली की चहूबाजूंनी शाखा काढून तारापेशी होते. पुढे ती तिथल्या तिथे आणखी काही वेळा दुभंगते.